साडेचारमाशी

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मायाक्काच्या पोटातून द्राक्षं निघाली. खरी नव्हेत, पण बायकांच्या दवाखान्यातल्या केराबाई नर्सनं इनॅमलचं पांढरं तसराळं पुढं धरलं तेव्हा तिच्या नवऱ्याला, म्हणजे येडूला, दुसरा शब्दच सुचला नाही. काही फुगे बोराएवढे, काही साबुदाण्याएवढे, पाण्यानं टच्च भरलेले, एकाच्या देठाला दुसरा लटकलेला, मधूनमधून काळपट रक्त. सगळं मिळून दोन शेर तरी असावं. हात नाही, पाय नाही, नाक नाही, त्यामुळं कुणाच्या वळणावर गेलंय हे म्हणायची सोय नाही. "नीट बघून घ्या दादा, मागनं म्हणाल पोरगं बदललं," केराबाई म्हणाली, आणि येडूनं खरोखरच वाकून नीट बघून घेतलं. मायाक्का वाचली. पोर नव्हतंच. निकाल हा असा लागला, आणि मंगळवारी सकाळी गिरणीचा पहिला भोंगा झाला तेव्हा येडूच्या लेखी यातलं काहीएक घडलेलं नव्हतं. येडू उठला, त्यानं चूळ भरली, कालची भाकरी फडक्यात बांधली, मुंडासं गुंडाळलं, आणि पोटुशी बायको आत निजलेली असताना माणूस जितक्या हळू कडी लावतो तितक्या हळू रिकाम्या खोलीला कडी लावून तो भवानी पेठेतून गिरणीकडं निघाला.

वाटेत त्याला काहीही आठवलं नाही. त्याबद्दल त्याला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं. फाटकात गुरुबसप्पा भेटला. हा त्याच्या शेजारच्या साच्यावरचा, म्हणजे गिरणीतल्या मागावरचा, अक्कलकोटाकडचा. मन लोण्याचं आणि आवाज ढोलाचा. त्यानं पन्नास माणसांत आरोळी दिली, "येन रे येडू, बायकोला दवाखान्यात नेलास म्हणं? काय झालं?" गिरणीच्या फाटकात या प्रश्नाला दोनच उत्तरं चालतात. तिसरं आजवर कुणी दिलेलं नाही. येडूनं दोन्ही उत्तरं क्षणभर तोंडात घोळवली, आणि जे आधी बाहेर पडलं ते पडलं.

"पोरगा," तो म्हणाला.

आता पोरगा म्हटल्यावर माणसं काय करतात? पाठीत धपाटा घालतात, साखर मागतात. गुरुबसप्पानं धपाटा घातला. "साखर काढ की साखर!" म्हणाला. आणि मग त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आपसूक करंगळीच्या पेरावर गेला. मार्गशीर्ष. पौष. माघ. फाल्गुन. चैत्र. अंगठा तिथं थांबला, कारण पुढं महिनाच नव्हता. अजून चैत्रच चालू होता. त्यानं अंगठा उचलला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. बाकीच्यांचे हात दिसत नव्हते, पण धोतराच्या सोग्याआड आणि बंडीच्या खिशात पन्नास अंगठे चालू झाल्याचं येडूला अंगभर जाणवलं. कारण येडू मार्गशीर्षाच्या मध्यावर तुरुंगातून सुटला हे साऱ्या गिरणीला ठाऊक होतं. त्या दिवशी स्टेशनावर बँड होता. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला होता आणि एका वकिलानं त्याला मिठी मारली होती. नवराबायको पुन्हा एका छपराखाली कधी आली, याला एवढे साक्षीदार असलेलं दुसरं जोडपं सोलापुरात सापडणं अवघड.

"सातमाशी असंल," गुरुबसप्पा घाईनं म्हणाला. "सातमाशी पोरं लई हुशार असत्यात की." आणि बोलता बोलता त्याचं त्यालाच उमगलं, की सातमाशी धरलं तरी बसत नाही. त्यानं खाकरून खिशातली तंबाखू काढली आणि येडूपुढं धरली. कुणी हसलं नाही. कुणी टोमणा मारला नाही. ज्या गिरणीत एखाद्याला साधी शिंक आली तरी तिच्यावर दुपारपर्यंत विनोद चालायचे, तिथं पन्नास माणसं एकदम सभ्य झाली आणि मान खाली घालून आत गेली.

साच्याचा पट्टा चढला, आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडं धावायला लागला, आणि त्या खडखडाटात येडूला जरा बरं वाटलं. तिथं कुणी काही बोललं तरी ओठच हलताना दिसतात. पण आज ओठ हलत होते आणि येडूनं बघितलं की थांबत होते. तो दोन साच्यांच्या मधल्या बोळकांडीत फिरत राहिला. एकाचं सूत तुटलं की सांधायचं, दुसऱ्याची सुताची कांडी संपली की बदलायची. आपण पोरगा का म्हणालो? पोरगी म्हणालो असतो तरी तेच झालं असतं. काही नाही झालं म्हणालो असतो तर? "काही नाही झालं" असं सात महिन्यांचं पोट घेऊन गेलेल्या बाईबद्दल कसं म्हणणार? आणि तिथं तर पोट सात महिन्यांचं नव्हतंच. साडेचारच महिन्यांचं होतं. पोट लबाड होतं. बाई खरी होती. हे डॉक्टरीणबाईंनी काल त्याला दोनदा समजावलं होतं, बोटानं टेबलावर गोल काढून. बी रुजतं, म्हणाल्या, तेव्हा त्याचं पोर व्हायचं असतं आणि पोराला पोसायला वार व्हायची असते. कधीकधी पोर होतच नाही आणि नुसती वारच वाढत सुटते, माणसाच्या ताब्यात राहत नाही, फुग्यांसारखी फुगते. मग चार महिन्यांचं पोट सातव्यासारखं दिसतं. बाईचा दोष नाही. नवऱ्याचाही नाही. येडूनं विचारलं होतं, "मग कुणाचा?" डॉक्टरीणबाई चष्मा पुसत म्हणाल्या होत्या, "कुणाचाच नाही." येडूला हे उत्तर आवडलं नव्हतं. कुणाचाच दोष नाही अशी गोष्ट त्यानं आयुष्यात एकदाच पाहिली होती, आणि तिच्यापायी त्याला सात महिने सक्तमजुरी झाली होती.

मागच्या वैशाखात शहरावर लष्करी कायदा आला आणि डोक्यावर पांढरी खादीची टोपी घालायची नाही असा हुकूम निघाला. येडूला हुकूमही माहीत नव्हता आणि टोपीही नव्हती. त्याचं मुंडासं धुऊन वाळत होतं, ऊन डोक्यात खिळे ठोकत होतं, आणि गुरुबसप्पानं मायेनं आपली टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. चौकात शिपायानं धरलं. "टोपी माझी न्हाय," येडू म्हणाला, ते खरं होतं. "मग कुणाची?" यावर तो गप्प बसला, कारण मित्राचं नाव घेणं बरं दिसेना. सहा महिने, आणि दंड भरला नाही म्हणून वर एक. देशासाठी तुरुंगात गेलेल्यांत देश कोणता हे आत गेल्यावर कळलेला येडू एकटाच असावा. तिथल्या बराकीत शिकलेली माणसं होती. त्यांनी दया येऊन त्याला अक्षरं शिकवली. त्यांच्याजवळ धडे म्हणून होते ते फक्त वरच्या साहेबांना करायचे अर्ज, त्यामुळं येडूनं जन्मात पहिलं वाक्य लिहिलं ते "तरी मेहेरबानांनी लक्ष घालावे" असं. अजूनही त्याला दुसऱ्या तऱ्हेनं लिहिता यायचं नाही. आईला पत्र लिहायचं म्हटलं तरी खाली "आपला नम्र अर्जदार" येई.

आणि त्या सात महिन्यांत मायाक्का घरमालकीण पार्वतम्माच्या घरामागच्या त्याच खोलीत एकटी राहिली. पार्वतम्माच्या घरात चार माग होते. मायाक्का रहाटावर कांड्या भरून द्यायची. रहाट फिरवून तिच्या उजव्या दंडात गाठ आली होती. येडू सुटून आला त्या संध्याकाळी तिनं गळ्यातल्या हाराकडं बघून विचारलं होतं, "ह्यो उतरवायचा का तसंच जेवणार?" पौषात तिला उलट्या सुरू झाल्या. उलट्या कसल्या, पाणीसुद्धा ठरेना. माघात लुगड्याच्या निऱ्या वर सरकल्या. फाल्गुनात गल्लीतल्या बायका तिच्याकडं बघायच्या, मग येडूकडं बघायच्या, मग आकाशाकडं. तेव्हापासून येडूला बसवेना. भाकरी खाता खाता तो उठून दारात जाई, दारातून परत येई. "कितवा?" असं तो रोज विचारी, जणू आदल्या दिवशीपासून आकडा सुधारला असेल. "तुमी आलाय तवापासनं मोजा की," मायाक्का रोज म्हणे. पहिल्यांदा रागानं, मग कंटाळून, आणि शेवटी शेवटी स्वतःच बोटांकडं बघत.

येडूची जात मेंढरामागची. माणसाचे महिने त्याला कधी पाठ नव्हते; मेंढी पाच महिन्यांत विते, एवढं पक्कं. तो सांगोल्याच्या माळावर वाढला होता, आणि लहानपणापासून पोट दिसलं की त्याचं मन पाचानं भागायला बसायचं. फाल्गुनात एका दुपारी साच्यापुढं उभं असताना त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं: मार्गशीर्षापासून पाच धरले तर वैशाखात येतंय की! सगळं बरोबर बसतंय! एक अख्खं थान विणून होईपर्यंत तो सुखात होता. मग आठवलं की मायाक्का मेंढी नाही. त्या दिवशी त्याच्या हातून कापडाला भोक पडलं.

गल्लीनं मधल्या काळात तीन उमेदवार ठरवले होते. एक पार्वतम्माचा दीर, एक बांगड्या भरायला येणारा कासार, आणि एक गोसावी, जो आषाढात दारावर येऊन गेला होता. तिघांनाही याची कल्पना नव्हती. येडू एका सुट्टीच्या दिवशी दात आवळून कासाराला जाब विचारायला गेला. कासार सत्तरीचा निघाला, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यानं येडूला गिऱ्हाईक समजून बसवलं, पाणी दिलं, बायकोचं मनगट केवढं म्हणून विचारलं. येडूनं हवेत दोन बोटांनी माप दाखवलं, आणि दाखवताना ते माप आपल्याला किती बिनचूक ठाऊक आहे याचा त्याला धक्का बसला. जाब विचारायला गेलेला माणूस डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन परत आला. मायाक्कानं त्या भरल्या आणि पहिल्यांदाच रडली. तिला वाटलं, नवऱ्याचा राग गेला.

राग गेला नव्हता. राग म्हणावा तर रागही नव्हता; अंगात शिरलेलं कुसळ होतं, कुठं आहे ते बोटाला सापडत नाही आणि हललं की टोचतं. पाडव्यानंतर त्याची आई, फुलाबाई, मेंढरं भावकीवर सोडून सोलापूरला आली. तिसऱ्यात सुनेला गुपचूप हिरवी चोळी द्यायची असते, चोरचोळी, ती घेऊन आली. दारातूनच तिनं सुनेचं पोट बघितलं आणि चोळीचं गाठोडं काखेतच दाबून धरलं. मग म्हणाली, "नीज बाई, बघू दे." फुलाबाईचा हात म्हणजे पंचक्रोशीत प्रमाण. गाभण मेंढीच्या पोटाखाली हात घालून, डोळे मिटून ती सांगायची: एक हाय, दोन हायती, आठ दिसांत विणार. कधी चुकली नाही. तिनं मायाक्काच्या पोटावर हात ठेवला, डोळे मिटले. दारात पार्वतम्मा आणि तिची जाऊ काशम्मा उभ्या होत्या, त्यांनीही कशाला कोण जाणे डोळे मिटले. येडू चुलीपाशी उकिडवा बसला होता.

"सहावा सरत आलाय," फुलाबाई म्हणाली.

काशम्मानं डोळे उघडले, जावेच्या कमरेत कोपर मारलं, आणि दोघी निघून गेल्या. येडूही उठून बाहेर गेला. मागून आई काय बोलत होती हे त्याला आज साच्याच्या खडखडाटात लख्ख ऐकू आलं. तेव्हाही आलं होतं. "पर येडू, आत कुणी न्हाय रं. हाताला कायबी लागंना. पोरगं आसलं तर सरकतंय, हातानं दाबलं तर लाथ मारतंय. ही नुस्ती कणीक हाय. लेकरा, हिला दवाखान्यात ने." शब्द न् शब्द. त्यानं ते ऐकलं होतं आणि उंबऱ्यावर ठेवून तो बाहेर पडला होता, कारण सहावा हा आकडा त्याला पुरेसा होता. पुढं आणखी काही असेल तर ते आईची माया असणार, सुनेवर पांघरूण घालत असणार. परत आला तेव्हा आई गेली होती आणि चोळी मायाक्काच्या उशाशी होती. ती चोळी तिनं परत नेली नाही, याकडंही त्यानं लक्ष दिलं नव्हतं. दवाखान्यात न्यायला त्याला आणखी पंधरा दिवस लागले. म्हणजे त्यानं नेलंच नाही. रविवारी संध्याकाळी मायाक्का रहाटापुढं बसल्या बसल्या रक्तात भिजली आणि पार्वतम्मानंच टांगा आणला. टांग्यात मायाक्काचं डोकं पार्वतम्माच्या मांडीवर होतं. येडू टांगेवाल्याशेजारी बसला होता आणि घोड्याच्या कानांकडं बघत मनात म्हणत होता: आता हे पडून गेलं तर महिने मोजावे लागणार नाहीत. हे तो म्हणाला होता. कुणाला ऐकू आलं नव्हतं, पण म्हणाला होता.

सूत तुटलं. त्यानं सांधलं. पुन्हा तिथंच तुटलं.

जेवणाच्या सुट्टीत आप्पा जॉबर त्याच्याजवळ येऊन बसला. आप्पा म्हणजे साचेखात्याचा मुकादम, तिथला धनीच. एरवी आई-बहिणीवरून सुरुवात केल्याशिवाय त्याला रामरामसुद्धा घालता यायचा नाही. आज त्यानं आपल्या डब्यातली शेंगाचटणी येडूच्या भाकरीवर ठेवली आणि इतक्या हळू बोलला की येडूला भीती वाटली.

"येडू, तिकडं तळ्याच्या बाजूला माझ्या भावाची खोली हाय रिकामी. तितं कोण वळकीचं न्हाय. जा ऱ्हायाला."

"कशापायी?"

"पोरगा झालाय न्हवं. जागा लागती." आप्पानं चिमूटभर तंबाखू मळली. "हे बघ, आमच्या भावकीत बी एकीला झालं हुतं. मानसानं पदरात घ्यावं. त्या लेकराचं काय चुकलंय?"

"आप्पा, पोरगा न्हाय झाला."

"आरं, तूच बोल्लास की सकाळी."

"चुकून बोल्लो."

"मग काय झालं?"

येडूनं इकडंतिकडं बघितलं. "द्राक्षं," तो म्हणाला.

आप्पानं तंबाखू तोंडात टाकली नाही. ती तशीच हातात ठेवून त्यानं दुसरा हात येडूच्या कपाळाला लावून बघितला. "किती?" त्यानं विचारलं, वेड्याशी बोलताना विचारावं तसं.

"दोन शेर."

"आज घरी जा तू," आप्पा म्हणाला. "साचं मी बघतो." आणि उठताना त्याच्या खांद्यावर थोपटून गेला. खरं बोलल्याबद्दल येडूला मिळालेली ही पहिली सुट्टी.

बाहेर चैत्राचं ऊन पसरलं होतं. चिमणीचा धूर सरळ वर जात होता. येडू गिरणीच्या भिंतीच्या कडेकडेनं चालत राहिला, नको त्या बोळात शिरला, परत फिरला. भवानी पेठेकडं पाय वळेना. तिथं काशम्मा असणार. शुक्रवारी मायाक्काला घरी सोडणार होते. शुक्रवारी ती टांग्यातून उतरेल, रिकाम्या हातानं, रिकाम्या पोटानं, आणि सारी पेठ दारात उभी राहील. पोरगा कुठं आहे, विचारतील. मेला म्हणावं तर मेलेल्या पोराचेही महिने मोजतात. झालाच नाही म्हणावं तर येडूनं गिरणीत सांगितलंय, बापानं स्वतः सांगितलंय, पन्नास माणसांत. बापाच्या शब्दापुढं डॉक्टरीणबाईचा चष्मा काय टिकणार? गल्लीनं आजवर नुसतं बोट दाखवलं होतं. त्यावर अंगठा त्यानं उठवून दिला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, दर पंधरा दिवसांनी तपासायला आणा, दोन वर्षं पोराचं नाव काढू नका, रक्त गेलं किंवा खोकला लागला तर त्याच दिवशी या. त्या फुग्यांतला एवढासा तुकडा जरी आत राहिला असेल तरी तो आपला आपण वाढतो, रक्तातून फिरतो, छातीत जाऊन बसतो. येडू एका बंद दुकानाच्या फळीवर बसला आणि लगेच उठला. सकाळपासून किती जणांनी किती जणांना सांगितलं असेल?

दवाखान्यात मायाक्का भिंतीकडं तोंड करून निजली होती. पोट इतकं सपाट झालं होतं की येडूला तिची खाट ओळखायला वेळ लागला. हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि मनगट कालच्यापेक्षा बारीक झालं होतं. त्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. तो स्टुलावर बसला.

"लवकर आलाय," ती न वळता म्हणाली.

"आप्पानं सोडलं."

"का?"

मग त्यानं सांगून टाकलं. फाटक, गुरुबसप्पा, पोरगा, अंगठे, शेंगाचटणी, दोन शेर. मायाक्का हळूहळू वळली. ऐकता ऐकता तिचा चेहरा वाकडा झाला आणि येडूला वाटलं ती रडणार. पण ती हसायला लागली. पोट धरून, कळ येत होती तरी हसत राहिली. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

"पोरगा म्हनं," मायाक्का डोळे पुसत म्हणाली. "नाव काय ठिवलं?"

"मायाक्का..."

"न्हाय, सांगा की. बापानं पोरगा काढला, नाव नगं का काढाया?" मग हसू कुठं संपलं ते कळलं नाही. "तुमास्नी ठावं हाय का, मला बी वाटाय लागलं हुतं. एवढं पोट कसं वाढतंय? मी तर तुमी आल्यापासनंच... मग वाटायचं, मीच इसरले का काय? झोपंत कोन आलं का काय? राती कडी लावायचे, मग उठून पुन्यांदा लावायचे, तुमी शेजारी आसताना. माझ्याच अंगावर माझा इस्वास न्हाई ऱ्हायला. काल त्या बाईनं तसराळं दावलं तवा मला लई बरं वाटलं. पोरगं न्हाय म्हनून न्हवं. म्हनलं, मी खोटी न्हवते."

येडूनं स्टूल पुढं ओढलं, मागं सारलं.

"आयनं सांगितलं हुतं," तो म्हणाला. "आत कुणी न्हाय म्हनून."

"व्हय. मी हितंच हुते, त्यांच्या हाताखाली." ती छताकडं बघू लागली. "तुमी बी हुतासा."

एवढंच ती बोलली. येडूला वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर असतं.

मग ती म्हणाली, "आता काय करनार? मारा त्याला. तुमीच जल्माला घातलाय."

"मारला तरी महिनं मोजत्यात."

"व्हय," मायाक्का म्हणाली. तिनं मनातल्या मनात मोजलं, ओठ हलले. "सातमाशी म्हनलं तर बसंल. सातमाशी मरत्यात. कुनी कायबी म्हनत न्हाय. पर त्याला तुमी भादव्यात घरी पायजे हुता."

"भादव्यात मी आत हुतो."

"ते सगळ्या गावाला ठावं हाय," ती म्हणाली, आणि डोळे मिटले. "तेवढं कुनाला सांगून बदलतंय का बघा." हे तिनं थट्टेनं म्हटलं की झोपेत, येडूला नक्की सांगता आलं नसतं. तिचा डोळा लागला तेव्हा त्यानं तिच्या बांगड्या एकेक करून मनगटापर्यंत खाली ओढल्या. त्या पुन्हा वर गेल्या.

व्हरांड्यात केराबाई कापसाचे बोळे करत बसली होती. येडूनं तिच्याकडं कागद आणि पेन्सील मागितली. "घरी पत्र लिहिताय का दादा?" तिनं विचारलं. "तसंच कायतरी," येडू म्हणाला. तो कठड्यावर कागद ठेवून उभ्यानंच लिहायला लागला, कारण बसवत नव्हतं. पेन्सिलीचं टोक त्यानं तीनदा जिभेला लावलं. मग हाताला एकदम ओघ आला.

"मेहेरबान तुरुंगाचे सुपरिंटेंडेंट साहेब यांचे सेवेशी. अर्जदार येडू बिरा हाके, धंदा साचेवाला, राहणार भवानी पेठ, सोलापूर, याचा विनंती अर्ज ऐसा जे, अर्जदार मागील वैशाखापासून मार्गशीर्षापर्यंत आपले ताब्यात होता. त्याबद्दल अर्जदाराची काही तक्रार नाही. परंतु येथील लोकांचे मोजणीप्रमाणे अर्जदार भाद्रपद महिन्यात एक रात्र आपले घरी असणे जरूर आहे. अर्जदाराची बायको निर्दोष असून तिला शिक्षा होत आहे. सबब मेहेरबानांनी दप्तर पाहून भाद्रपदातील कोणतीही एक रात्र, जी सरकारचे उपयोगाची नसेल ती, अर्जदारास परत द्यावी व त्या रात्री अर्जदार तुरुंगात नव्हता असा शिक्क्यानिशी दाखला करून द्यावा. गौरी जेवणाची मिळाल्यास उत्तम, न मिळाल्यास अमावस्येची चालेल. सदर रात्रीचे बदली अर्जदार एक रात्र, किंवा साहेब म्हणतील तितक्या रात्री, पुन्हा येऊन आत राहण्यास राजी आहे. दाखला गुरुवारपर्यंत मिळावा, कारण बायको शुक्रवारी घरी येणार. तरी मेहेरबानांनी लक्ष घालावे. आपला नम्र अर्जदार."